लेबलाखालची शेपटी : मांजराच्या एका बुकप्लेटचं प्रकरण

पुस्तक पक्ष्यांवरचं होतं. कापडी बांधणी, पाठीवरची सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली, शिवण सैल झालेली. एका वाचनालयाने बाद केलेली पुस्तकं चार खोक्यांत भरून माझ्याकडे पाठवली होती. त्यांतली दुरुस्त करण्याजोगी कोणती आणि कोणती सोडून द्यावीत, एवढंच मला सांगायचं होतं. जुनी पुस्तकं बांधणं, शिवणं, डागडुजी करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे अशी खोकी मी बरीच पाहिली आहेत. हात सवयीने चालतो: पुठ्ठा उघडायचा, शिवण पाहायची, कागद दुमडून पाहायचा, पुढचं घ्यायचं.

या पुस्तकाचा पुढचा पुठ्ठा उघडला तेव्हा आतल्या बाजूला वाचनालयाचं नेहमीचं लेबल होतं. वर वाचनालयाचं नाव छापलेलं, खाली दाखल अंक (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) आणि वर्गांक (विषयाचा क्रमांक) शाईने भरलेले. लेबलाच्या खालच्या कडेला मात्र एक अरुंद पट्टी उघडी राहिली होती. तिचा कागद लेबलापेक्षा जरा पिवळसर होता आणि तिच्यावर एक काळा बाक होता, स्वल्पविरामासारखा. आधी वाटलं, शाईचा डाग. भिंग लावलं तर त्या बाकावर केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या, सगळ्या एकाच दिशेने वळलेल्या. डागाला अशा रेषा नसतात. ती शेपटी होती, आणि तिच्या वळणावरून ती मांजराची असावी असं वाटलं.

म्हणजे लेबलाखाली बुकप्लेट होती. बुकप्लेट म्हणजे पुस्तकाच्या मालकाने पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला छापील कागद. त्यावर मालकाचं नाव, एखादं चित्र आणि बहुतेक वेळा ‘एक्स लिब्रिस’ हे लॅटिन शब्द असतात, म्हणजे ‘अमक्याच्या पुस्तकांपैकी’. कुणाचं तरी खासगी पुस्तक वाचनालयात आलं होतं आणि त्या मालकाची खूण वाचनालयाच्या लेबलाने झाकली गेली होती.

हे प्रकरण मी तपशिलात लिहिते आहे, कारण त्यात मी एक चूक केली. काम नीट केलं आणि तरीही चूक केली. ती कुठे झाली हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आधी मालकीचा प्रश्न

माझ्याबरोबर काम करणाऱ्या सहकाऱ्याने पुस्तक पाहून पहिलीच शंका काढली: हे चोरीचं तर नाही? खासगी खूण झाकून वर दुसऱ्याचं लेबल दिसलं की ही शंका यायलाच हवी, आणि उलट बाजूनेही यायला हवी. वाचनालयाचं पुस्तक कुणी परस्पर बाहेर काढून विकलेलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय अशा पुस्तकाला हात लावू नये. म्हणून आधी शिक्के पाहिले. नामपृष्ठाच्या मागे वाचनालयाचा गोल शिक्का होता. आत एका ठरावीक पानावर तोच शिक्का पुन्हा होता. बरीच वाचनालयं असं एक गुप्त पान ठरवून ठेवतात, म्हणजे नामपृष्ठ फाडलं तरी पुस्तक ओळखता येतं. आणि शेवटच्या पानावर ‘बाद’ असा शिक्का, त्याखाली सही. दाखल अंकावर लाल रेघ मारलेली होती. पुस्तक रीतसर बाहेर पडलं होतं. तो प्रश्न तिथे मिटला.

उरला तो खालच्या कागदाचा. आणि इथे माझ्या मनाने एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली. कुणीतरी प्रेमाने पुस्तकं दिली असतील, आणि कुणा घाईतल्या कर्मचाऱ्याने देणाऱ्याच्या खुणेवर लेबल थापून ती पुसून टाकली असेल. असं होताना मी पाहिलं आहे. शंभर शंभर पुस्तकांचा गठ्ठा आला की लेबलं चिकटवणारा हात खाली काय आहे ते पाहत नाही. मला त्या अनोळखी माणसासाठी वाईट वाटलं, थोडा रागही आला. लेबल सोडवायचं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. बाकीची खोकी तेव्हा उघडलीही नव्हती.

लेबल सोडवणं

लेबलाच्या कोपऱ्यातून निघालेल्या चिकीच्या कणावर आयोडीनचा अगदी सौम्य थेंब लावला. रंग काळपट निळा झाला, म्हणजे चिकट पदार्थ स्टार्चची खळ होती. ही चांगली बातमी. खळ ओलाव्याने फुगते आणि सुटते. रबरी चिकी किंवा चिकटपट्टी असती तर काम कितीतरी अवघड झालं असतं.

वाईट बातमी शाईची होती. लेबलावरचे आकडे फाउंटन पेनने लिहिलेले. एका आकड्याच्या टोकाला कापसाने ऊर्ध्वपातित पाण्याचा स्पर्श केला आणि टीपकागद दाबला, तर टीपकागदावर फिकट निळा ठिपका उमटला. लेबल भिजवलं असतं तर दाखल अंक पसरला असता. तो अंक म्हणजे या पुस्तकाचा वाचनालयातला सगळा इतिहास, तो घालवून मांजर मिळवणं मला मान्य नव्हतं.

म्हणून पाण्याऐवजी बाष्प वापरलं. गोअर-टेक्सचं कापड वाफ जाऊ देतं, पाण्याचा थेंब जाऊ देत नाही. लेबलावर ते कापड, त्यावर दमट टीपकागद, त्यावर पॉलिस्टरचा पातळ ताव आणि वर काचेचं हलकं वजन. वीस मिनिटांनी एक कोपरा उचलून पाहिला, जमला नाही. पुन्हा पंधरा मिनिटं. मग पातळ पात्याने कडेकडेने आत शिरायचं, दोन-तीन मिलिमीटर सुटले की थांबायचं, पुन्हा ओल द्यायची. दोन बैठका लागल्या. खालच्या बुकप्लेटची शाई छपाईची, तेलात घोटलेली असल्यामुळे तिला काही झालं नाही. पण वरच्या उजव्या कोपऱ्यात बुकप्लेटच्या कागदाचं नखाएवढं सालपट लेबलाबरोबर निघून आलं. ते मी जपून ठेवलं आणि नंतर जागेवर बसवलं. तरी ते निघालं ही नोंद कामाच्या कागदावर आहे आणि इथेही असायला हवी.

लेबल सुटलं आणि मांजर समोर आलं.

पाठमोरं बसलेलं मांजर, मान मागे वळवून पाहणारं. एक कान पुढे, दुसरा बाजूला फिरलेला, मागे कुठेतरी आवाज झाल्यावर मांजराचे कान होतात तसा. अंग जवळजवळ पूर्ण काळं आणि त्या काळ्यातून पांढऱ्या रेषांनी कोरून काढलेली लव. खांद्यापाशी रेषा दाट, पोटाकडे विरळ, पाठीच्या कण्यावर दोन्ही बाजूंनी येऊन भिडणाऱ्या. हे लाकडावरचं कोरीवकाम. लाकूड आडवं कापून त्याच्या कठीण छेदावर बारीक हत्याराने कोरायचं. जे कोरलं ते पांढरं राहतं, उरलेलं काळं छापलं जातं. टॉमस ब्युइक या इंग्रज कोरक्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत जिथवर नेली, तिथूनच पुढच्या सगळ्यांनी ती उचलली. त्याने पक्ष्यांवरचे आपले दोन खंड (१७९७ आणि १८०४) याच रीतीच्या चित्रांनी भरले होते आणि बुकप्लेट्सही बऱ्याच कोरल्या होत्या. पक्ष्यांच्या पुस्तकात त्याच घराण्याच्या रीतीने कोरलेलं मांजर मिळावं याचा मला मनापासून आनंद झाला.

मांजर बसलं होतं दोन जाड पुस्तकांवर. चित्राला भोवती एक बारीक चौकट होती आणि फक्त शेपटी त्या चौकटीची खालची रेघ ओलांडून बाहेर लोंबत होती. खाली एका बाईंचं नाव. ते मी इथे देत नाही, कारण त्या सार्वजनिक व्यक्ती नव्हत्या आणि त्यांचे नातेवाईक आहेत.

पुस्तकांच्या पाठींवर बारीक आकडे कोरलेले होते. खालच्या पुस्तकावर ०२०. वरच्यावर ६३६८ असं मी वाचलं आणि बराच वेळ त्याचा काही अर्थ लागेना. ०२० म्हणजे छापलेल्या प्रतींचा क्रमांक असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उजेडात, मोठ्या भिंगाने पाहिलं तेव्हा ६३६ आणि ८ यांच्यामध्ये एक टिंब होतं, टाचणीच्या टोकाहून लहान. ६३६.८. मग उमगायला क्षणही लागला नाही. मेल्विल ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, जे पहिल्यांदा १८७६ मध्ये छापलं गेलं आणि जगभरच्या वाचनालयांत आजही चालतं, ६३६.८ हा मांजरांचा वर्गांक आहे. आणि ०२० ग्रंथालयशास्त्राचा.

मांजर ग्रंथालयशास्त्रावर बसलं होतं. ही बुकप्लेट एका ग्रंथपालाची होती.

ठरावीक चित्रांच्या, नाव लिहायला जागा सोडलेल्या तयार बुकप्लेट्स बाजारात खूप मिळत. अमेरिकेत ओहायोमधल्या यलो स्प्रिंग्जची अँटिऑक कंपनी १९२६ पासून त्या छापत होती. मांजराचं चित्र पाहून मला आधी तसंच काहीतरी वाटलं होतं. कुणा लहान मुलीचं पुस्तक असेल असंही वाटलं होतं. पण तयार बुकप्लेटवर वर्गांक कोण कोरणार? ही सांगून करवून घेतलेली होती. आणि जिने सांगितली तिला हे आकडे ओळखणारी माणसंच ती पाहणार, याची खात्री असावी.

बुकप्लेट देणगीची खूण असते तेव्हा

इथे थोडं मागे जाते, कारण पुढे जे कळलं ते याच्याशिवाय समजणार नाही.

बुकप्लेट म्हणजे ‘हे माझं आहे’ असं म्हणणारा कागद, अशी आपली समजूत असते. सगळ्यांत जुन्या ज्ञात बुकप्लेट्सपैकी एक पंधराव्या शतकातली, हान्स इग्लर नावाच्या माणसाची. तिच्यावर तोंडात फूल धरलेला हेजहॉग आहे, आणि जर्मनमध्ये हेजहॉगला ‘इगेल’ म्हणतात. नावावरची ही कोटी, प्राण्याच्या रूपात. म्हणजे प्राणी या कागदावर अगदी सुरुवातीपासून आहेत. पण त्याच शतकातली दुसरी गाजलेली बुकप्लेट वेगळं सांगते. १४८० च्या सुमारास जर्मनीतल्या बिबेराखच्या हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्गने आपली पुस्तकं बुक्सहाइमच्या कार्थूसियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाला दिली. त्या पुस्तकांत एक ठसा चिकटवलेला होता: देवदूताने धरलेली ढाल, ढालीवर बैल. ‘हे माझं’ एवढंच त्याला सांगायचं नव्हतं. ‘हे माझं होतं, मी ते दिलं’ असं तो ठसा सांगत होता. पुढे १८८३ मध्ये त्या मठाच्या ग्रंथसंग्रहाचा म्युनिकमध्ये लिलाव झाला आणि पुस्तकं ठिकठिकाणी गेली. ती आज कुठेही सापडली तरी ओळखता येतात, ते आत अजून टिकून असलेल्या त्या ठशामुळे.

‘अजून टिकून असलेल्या’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बुकप्लेट जमवण्याचा छंद इतका वाढला की लंडनमध्ये १८९१ साली त्यासाठी एक्स लिब्रिस सोसायटी निघाली. ऑगस्टस वोलॅस्टन फ्रँक्स यांनी जमवलेला प्रचंड संग्रह १८९७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आला. त्या संग्रहांमुळे आपल्याला खूप कळलं, याबद्दल वाद नाही. पण असंख्य बुकप्लेट्स त्यासाठी पुस्तकांतून सोडवल्या गेल्या, आणि पुस्तकातून सुटलेली बुकप्लेट मालकाचं नाव सांगते, ते पुस्तक कोणतं होतं ते सांगत नाही. या बाबतीत मी पक्की आहे: बुकप्लेट तिच्या पुस्तकातच राहायला हवी. मला कुणी मांजर कापून मागितलं असतं तर मी दिलं नसतं. आणि इतकं ठामपणे हे मानणारी मी, लेबल सोडवताना मात्र दोनदा विचार केला नव्हता. लेबल मला कचऱ्यासारखं वाटलं होतं.

दाखल नोंदवही

वाचनालयाला पत्र लिहिलं. तिथल्या सध्याच्या ग्रंथपालांनी जुनी दाखल नोंदवही मोकळ्या मनाने दाखवली. दाखल अंक काढला, ओळ सापडली. ‘कोठून मिळाले’ या रकान्यात ‘देणगी’, आणि पुढे बुकप्लेटवरचंच नाव. त्या ओळीखाली आणखी दहा ओळी होत्या, त्याच तारखेच्या, त्याच नावाच्या. एकूण अकरा पुस्तकं.

मी ते नाव वाचत असताना सध्याच्या ग्रंथपाल म्हणाल्या, “या तर आमच्याच बाई. कितीतरी वर्षं इथे ग्रंथपाल होत्या.”

आणि मग मला दिसलं की नोंदवहीतलं अक्षर आणि लेबलावरचं अक्षर एकच आहे. चारच्या आकड्याचं तोंड उघडं, आठ हात न उचलता एका फटक्यात काढलेला. मागची पानं उलटली, मागच्या कित्येक वर्षांच्या ओळी त्याच अक्षरात. पुढची पानं उलटली, तर तीन पानांनंतर अक्षर बदललेलं. ती अकरा पुस्तकं त्यांनी नोकरीच्या शेवटच्या दिवसांत दिली होती. देणारी तीच, नोंद करणारी तीच, आणि लेबलावर अंक लिहिणारीही तीच.

माझ्या पोटात खड्डा पडला. मांजरावर लेबल लावणारा कुणी बेपर्वा कर्मचारी नव्हताच.

त्यांच्या हाताखाली काम केलेले एक निवृत्त सहायक अजून त्याच भागात राहतात. सध्याच्या ग्रंथपालांनी त्यांच्याशी गाठ घालून दिली. मी त्यांना विचारलं, “लेबलं कोण चिकटवायचं?”

“आम्ही. बाई फक्त अंक घालायच्या.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण स्वतःची पुस्तकं दिली तेव्हा आम्हाला हात लावू दिला नाही. खळ मागून घेतली आणि संध्याकाळी बसून एकेक लावलं.”

बुकप्लेटबद्दल विचारलं. त्यांना ती चांगली आठवत होती. बाईंच्या टेबलावर स्वतःची पुस्तकं नेहमी असायची, आणि वाचनालयाची पुस्तकंही. ग्रंथपालाच्या टेबलावर ही सरमिसळ होणं धोक्याचं. उद्या कुणी म्हणेल, बाई वाचनालयाचं पुस्तक घरी घेऊन गेल्या. “बाई सांगायच्या, मांजर असेल ते माझं, शिक्का असेल ते वाचनालयाचं. दोन्ही एकत्र कधी असायचं नाही.”

“वाचनालयात मांजर होतं का?”

“कधीच नाही. उंदीर मात्र होते,” ते म्हणाले.

त्यांचं ते एक वाक्य, दोन्ही एकत्र कधी असायचं नाही, मी घरी येईपर्यंत घोळवत होते. बाईंच्या हिशेबात मांजर झाकणं म्हणजे खूण पुसणं नव्हतं. मांजर दिसतंय तोवर पुस्तक त्यांचं. ते झाकलं की वाचनालयाचं. ब्रांडेनबुर्गच्या बैलाने जे सांगितलं तेच त्यांनी उलट्या रीतीने सांगितलं, आणि त्यासाठी स्वतःच्या हाताने खळ लावली. ते लेबल म्हणजे त्यांचं दानपत्र होतं. आणि मी ते वाफ देऊन, पात्याने, अभिमानाने सोडवलं होतं.

सहा मिलिमीटर

परत आल्यावर उरलेली तीन खोकी उघडली, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्या अकरांपैकी आणखी सहा पुस्तकं त्यांत निघाली. सहाही पुस्तकांत लेबल, आणि सहाही लेबलांच्या खालच्या कडेला तो काळा स्वल्पविराम.

मग पट्टी घेऊन बसले. बुकप्लेट ९२ मिलिमीटर उंच, ६८ रुंद. लेबल ९५ बाय ७०. म्हणजे लेबल बरोबर वर ठेवलं तर बुकप्लेट सगळ्या बाजूंनी झाकली जाते, काहीही बाहेर राहत नाही. पण पक्ष्यांच्या पुस्तकावर राहिलेल्या खुणांवरून लेबलाची वरची कड बुकप्लेटच्या ९ मिलिमीटर वर होती, त्यामुळे खाली ६ मिलिमीटर उघडे राहिले होते. बाकी सहा पुस्तकांत उघडी पट्टी मोजली: कुठे ५, कुठे ६, एका ठिकाणी ७. वाचनालयाच्या कपाटात अजून असलेली तीन पुस्तकं तिथे जाऊन पाहिली. तिथेही तेच. त्याच वर्षांतल्या दुसऱ्या देणग्यांची वीस पुस्तकं काढून पाहिली, तर त्यांच्यात लेबल पुठ्ठ्याच्या मधोमध, सरळ, नेटकं लावलेलं.

एकदा झालं तर तो हात चुकला म्हणता येईल. दहापैकी दहा वेळा लेबल तेवढंच वर सरकलं असेल तर ते सरकवलेलं आहे. नाव झाकलं, चौकट झाकली, वर्गांक झाकले, आणि कोरणाऱ्याने चौकटीबाहेर सोडलेली शेपटी बाईंनी लेबलाबाहेरही तशीच सोडली. सगळं द्यायचं होतं, नियमाने द्यायचं होतं, आणि एवढीशी शेपटी राहू द्यायची होती. मला यापेक्षा दुसरा अर्थ लावता येत नाही, आणि लावावासाही वाटत नाही.

मग काय केलं

बाकीच्या सहा पुस्तकांच्या लेबलांना मी हात लावला नाही. शिवण, पाठ, पुठ्ठ्याचे कोपरे एवढंच दुरुस्त केलं.

पक्ष्यांच्या पुस्तकाचं काय करायचं हा खरा पेच होता. लेबल पुन्हा पूर्ण चिकटवलं तर मी केलेलं झाकून टाकल्यासारखं होतं, आणि पुढे कुणाला तेच कुतूहल झालं तर कागदाला दुसऱ्यांदा ओल सोसावी लागली असती. लेबल पाकिटात घालून वेगळं ठेवलं तर बाईंचं दानपत्र पुस्तकाबाहेर गेलं असतं. मग बुकप्लेट सोडवून वहीत लावणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला? शेवटी पातळ जपानी कागदाची एक पट्टी घेतली, आठ मिलिमीटर रुंद. लेबलाच्या डाव्या कडेला ती मागून गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावली आणि तिची दुसरी बाजू पुठ्ठ्यावर. आता लेबल बिजागरीवरच्या दारासारखं उघडतं. खाली मांजर. मिटवलं की जुन्याच जागी बसतं, कारण मूळ खळीची खूण पुठ्ठ्यावर होती आणि तिच्यावरून मिलिमीटरही न चुकवता बसवता आलं.

मी काय केलं, का केलं, कोपऱ्याचं सालपट कसं निघालं, सगळं एका आम्लरहित कागदावर लिहून पुस्तकाबरोबर ठेवलं आहे. सध्याच्या ग्रंथपालांनी मापं आणि फोटो पाहून सात पुस्तकांचं बाद करणं रद्द केलं. नोंदवहीत लाल रेघेशेजारी ‘पुन्हा दाखल’ असा शेरा आला. संगणकावरच्या तालिकेत मार्क या ग्रंथनोंदींच्या ठरावीक पद्धतीचं ५६१ हे क्षेत्र मालकीच्या इतिहासासाठीच असतं; तिथे आता माजी मालकाचं नाव, बुकप्लेटचं वर्णन आणि ‘बुकप्लेट लेबलाखाली, शेपटी दृश्य’ अशी नोंद आहे. हे शेवटचे दोन शब्द घालावेत का यावर आम्ही दोघींनी थोडा वेळ चर्चा केली. त्या म्हणाल्या, घालायचे. पुस्तक हातात घेणाऱ्याला तेवढंच दिसणार आहे, तेव्हा ओळखायची खूणही तीच.

अशा कामात माझा क्रम आता बदलला आहे. एकावर एक लावलेले कागद दिसले की आधी नोंदवही, मग त्याच देणगीतली बाकीची पुस्तकं, मग मापं, आणि ओल देण्याचा विचार सगळ्यांत शेवटी. वरचा कागद कुणी लावला हे कळल्याशिवाय तो खालच्याचा शत्रू आहे असं मी धरून चालत नाही.

अकरांपैकी सात माझ्याकडून परत गेली, तीन कपाटातच होती. उरलेल्या एकाची ओळ आम्ही नोंदवहीत पुन्हा काढून पाहिली. वर्गांक ६३६.८. शेऱ्याच्या रकान्यात, बाईंच्या नंतर आलेल्या अक्षरात लिहिलं आहे: ‘वाचकाकडून परत नाही.’